सगुण मास्तरांचा जबाब

"त्यांना विचारा, दुभाषी म्हणून तुम्ही त्यांना चालाल का?" टेबलापलीकडची बाई म्हणाली.

तिचं नाव हेलन, सरकारी मदतीचे अर्ज तपासणारी अधिकारी. पन्नाशीची, सर्दीनं नाक लाल झालेलं, पुढ्यातला चहा केव्हाच निवलेला. प्रश्न नेहमीचाच होता. दुभाषी आणि अर्जदार ओळखीचे निघाले तर तो विचारावा लागतो. ओळख लपवायची नसते, म्हणून आत गेल्या गेल्या मीच तिला सांगून टाकलं होतं की आम्ही एकाच भागातले, मध्ये फक्त एक नदी.

मी सगुण मास्तरांकडे वळले. "मास्तर, ही विचारता, तुमच्या वतीन मी बोललंय तर चलात मां? नको तर फोनार दुसऱ्या कोणाक तरी घेतीत. वळखीचो नसलेलो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हेलनकडे, मग परत माझ्याकडे. कोटाचं वरचं बटण त्यांनी लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"चलात म्हणजे काय?" ते म्हणाले. "तू घरचाच चेडू. नको कित्याक म्हणू?"

"हो म्हणतायत, घरचीच मुलगी आहे म्हणून," मी इंग्रजीत सांगितलं, आणि हेलननं कागदावर खूण केली.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. गाव इंग्लंडमधलं स्विंडन, महिना नोव्हेंबर. त्या गावात गोव्यातल्या पेडणे, बार्देश, सासष्टीतली इतकी माणसं होती की भाजीच्या दुकानात माशाच्या आमटीतली तिरफळं मिळायची आणि कोणाच्या घरी कोणाशी वाजलं ते संध्याकाळच्या आत गोव्यात कळायचं. मी सातार्ड्याची, म्हणजे तेरेखोल नदीच्या महाराष्ट्राकडच्या काठावरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेले होते आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये मराठी, मालवणी, कोकणी लोकांसाठी दुभाष्याचं काम करत होते. खरं तर त्या दिवशी दुभाषी फोनवरच असायचा होता. लंडनहून कोणीतरी बोलणार होतं. पण कामांच्या यादीत मला 'कोरगावकर, सगुण' हे नाव दिसलं, जन्मसाल अठ्ठावन्न दिसलं, आणि मी दुभाषी पुरवणाऱ्या एजन्सीला फोन करून म्हटलं, हे मला द्या, मी समोर जाऊन करते. त्यांना काय, प्रवासखर्च मी मागत नव्हते. मायेनं मागितलं, हे खरंच. पण थोडा मोठेपणाही होता त्यात. आईला फोनवर सांगता आलं असतं, की सगुण मास्तरांचं काम मी करून दिलं.

पेडण्याच्या बाजारात सगुण मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. आमच्या शाळेचे गणवेश, आईचे ब्लाउज, आत्याच्या लग्नातला नवऱ्यामुलाचा कोट, सगळं तिथलं. बायकांची मापं त्यांची बायको शेवंतीकाकी घ्यायची, मास्तर पाठ करून बसायचे आणि ती सांगेल ते आकडे लिहायचे. वेळेवर कपडा कधी मिळायचा नाही, आणि त्याबद्दल कोणी बोललं तर मास्तर घडी करून कापड परत हातात ठेवायचे. एकदा एका भाटकाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, त्यांनी सांगितलं होतं, "तुमका घाई आसा तर म्हापश्याक जावा." भाटकार तिथेच बाकावर बसून राहिला. आम्हा पोरांना हा प्रसंग तोंडपाठ होता.

आणि हे मास्तर इंग्लंडात आले कसे? तर गोवा मुक्त होण्याआधी तिथे जन्मलेल्या माणसाला पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. मास्तर कोरगावात जन्मले तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. पोर्तुगाल त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या भाषेतले त्यांना येणारे शब्द म्हणजे पाव आणि बटाटा. तयार कपड्यांनी दुकान बसलं तेव्हा चौपन्नाव्या वर्षी त्यांनी तो पासपोर्ट काढला, दुकान विकलं आणि बायकोला घेऊन आले. थोरल्या भावानं म्हटलं होतं, ह्या वयात तुला कोण ठेवून घेणार, सहा महिन्यांत परत येशील. मास्तर साडेतीन वर्षं टिकले होते. गावाबाहेरच्या एका गोदामात ते खोकी भरायचं काम करत.

आता ते काम नव्हतं, म्हणून ही मुलाखत. इंग्लंड तेव्हा युरोपियन संघात होतं, आणि नियम असा होता की युरोपीय पासपोर्टवर आलेल्या माणसाचा तिथे राहण्याचा हक्क त्याच्या कामाला बांधलेला. मालकानं काढलं तरी कायदा त्याला काही काळ कामगारच धरायचा, आणि दुसरं काम मिळेपर्यंत घरभाड्याला मदत द्यायचा. पण माणसानं आपण होऊन काम सोडलं, की तो कामगार राहत नसे. भाड्याची मदत बंद. मास्तर आणि काकी एका धोबीखान्याच्या वर दोन खोल्यांत राहत होते. मदत मिळाली तर त्या खोल्या राहणार होत्या, नाहीतर नाताळच्या आधी सोडाव्या लागणार होत्या. आणि परत जाऊन उघडायला पेडण्याला दुकान उरलेलं नव्हतं.

हेलन एकेक विचारत गेली. किती वर्षं काम केलंत? आठवड्याला किती तास? पगाराच्या चिठ्ठ्या आहेत का? मास्तरांनी सगळ्या चिठ्ठ्या तारीखवार लावून, कोपऱ्यात टाका घालून आणल्या होत्या. हेलननं तो टाका बोटानं चाचपून पाहिला आणि हसली.

"काम कधी थांबलं?"

"ऑक्टोबराच्या नऊ तारखेक."

"आणि का थांबलं?"

मी विचारलं. बाहेरच्या बाकावर शेवंतीकाकी थांबली होती, दाराच्या काचेतून तिचा खांदा दिसत होता. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

"मीच सोडलंय," ते म्हणाले.

हे खरं नव्हतं. आणि ते मला ठाऊक होतं. तीनच दिवसांपूर्वी बसथांब्यावर त्याच गोदामात कामाला असलेली एक म्हापश्याची बाई मला सांगत होती, की तिघांना काढलं, त्यात आपला तो पेडण्याचा शिंपी. तासाला इतकी खोकी भरली पाहिजेत असा हिशेब असतो, त्याला ते 'रेट' म्हणतात. म्हाताऱ्याचा खांदा धरला आणि रेट होईना. तीन वेळा ताकीद दिली आणि काढलं.

दुभाष्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की समोरचा बोलतो ते बोलायचं. भर घालायची नाही, गाळायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मी हेलनला सांगितलं, "ते म्हणतात, मीच सोडलं."

हेलननं पेन खाली ठेवलं. तिनं लगेच लिहिलं नाही, हे मला आजही आठवतं. "त्यांना नीट विचारा," ती म्हणाली. "कंपनीनं त्यांना काढलं की ते स्वतः निघाले? ह्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून आहे."

मी विचारलं. जितकं सावकाश विचारता येईल तितकं विचारलं. "मास्तर, ही म्हणता, कंपनीन काढल्यान काय तुम्ही आपणान सोडलास? ह्याच्यार खूप आसा म्हणता. नीट आठवून सांगा."

"आठवूचा काय तेच्यात?" मास्तर ताठ बसले. "तो सुपरवायझर, माझ्या झिलाच्या वयाचो. माका बोटान बोलावता. असा." त्यांनी बोट वाकवून दाखवलं. "मी म्हटलंय, तुझा काम तुका लखलाभ. कोट घातलंय आणि भायर पडलंय. सगुण मास्तराक आजवर कोणी जा म्हणूक नाय. लिवक सांग तिका."

किती छान बोलले ते. भाटकाराला बाकावर बसवणारे मास्तरच समोर होते, आणि खोटं आहे हे ठाऊक असूनही मला आतून बरं वाटलं. मी ते सगळं इंग्रजीत केलं, मुलाच्या वयाच्या सुपरवायझरसकट, बोटानं बोलावण्यासकट. चांगलं केलं. त्या दिवशीइतकं सफाईदार भाषांतर मी क्वचितच केलं असेल.

हेलननं लिहून घेतलं. मग तिसऱ्यांदा विचारलं, "त्यांना त्यांचं उत्तर बदलायचं नाही ना?"

"नाही म्हणतात," मी सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली होती.

बाहेर आल्यावर काकीनं माझे दोन्ही हात धरले. चार वर्षांनी माहेरचं माणूस भेटावं तशी ती माझ्याकडे पाहत होती. "सातार्ड्याच्या सुमतीचा चेडू गे तू? कितक्या मोठा झाला!" मग मास्तरांकडे वळून हळूच म्हणाली, "सांगलास मां?"

"सांगलंय," मास्तर म्हणाले. "चल, बस चुकतली."

मला तेव्हा ते साधंच वाटलं होतं.

नकाराचं पत्र अकरा दिवसांनी आलं. मला ते कळलं तेही बसथांब्यावरच. रविवारी मी त्यांच्या घरी गेले. खाली धोबीखान्यातली यंत्रं घरघरत होती, त्यामुळे खोल्या उबदार होत्या, त्या थंडीत तेवढं एक सुख होतं. कोपऱ्यात शिवणयंत्र होतं. लोकांच्या पँटी आखूड करून देणं, चेन बदलणं असलं काहीबाही मास्तर करत होते, एक खांदा वर न उचलता. काकीनं सोलकढी दिली. पत्र भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीमागे खोचलेलं होतं.

मी ते वाचून दाखवलं. अर्जदारानं स्वेच्छेनं काम सोडलं, सबब तो आता कामगार गणला जात नाही, सबब भाड्याची मदत नाकारण्यात येत आहे. एका महिन्यात फेरविचार मागता येईल.

"मास्तर," मी म्हटलं, "अजून महिनो आसा. कंपनीन काढल्यान असात, तेचा पत्र असात, तर ता धाडूया. मी लिवन देतंय. दोन ओळींचा काम."

काकी पदराला हात पुसत पुढे आली. "अहो, सांगा मां तेका," ती म्हणाली. "घरचाच आसा ता."

"तू भात बघ," मास्तर म्हणाले.

ती हलली नाही. त्यांनी कात्री खाली ठेवली. "काय सांगूचा आसा? मीच सोडलंय म्हणान मी थंय सांगलंय. तीन फावटी सांगलंय. आणि सांगलंय ता कोणाच्या तोंडान? ह्या चेडवाच्या. आता उलटा लिवूचा म्हणजे तेचाच तोंड खोटा करूचा. उद्या तेका ते काम देतीत?"

"माझं काही होणार नाही, मास्तर," मी म्हटलं. घाईत शुद्ध मराठीत बोलले.

"तुका काय ठावक?" ते म्हणाले. "मालक लोक कसे आसतत, ता माका इचार."

तेवढं एक वाक्य खरं होतं. ते म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी परत कात्री उचलली. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की मास्तर, मला माहीत आहे, तुम्हाला काढलं, त्यात लाज कसली, तिथे रोज माणसं काढतात. जिभेवर आलं होतं. पण त्या माणसासमोर 'तुम्हाला काढलं' हे शब्द उच्चारायचे म्हणजे त्यांच्या अंगावरचा कोट ओढून काढण्यासारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. माझ्या कामाची काळजी ते करत होते, आणि ती मी त्यांना करू दिली.

"विचार करा," एवढंच म्हणाले. "कधीही फोन करा."

फोन आला नाही. महिना उलटला. डिसेंबरच्या मध्यावर त्यांनी खोल्या सोडल्या. काही दिवस काकी एका घरात आणि मास्तर दुसऱ्या घरात, आठ पुरुषांच्या दाटीत, असे राहिले. मग तिकिटं काढून परत गेले. जाण्याआधी मास्तर माझ्या दारात येऊन एक पिशवी देऊन गेले. आत येईनात. पिशवीत माझ्या मुलीसाठी शिवलेला फ्रॉक होता, मापाविना शिवलेला आणि अगदी मापात बसलेला. "गावाक इलंस तर ये," म्हणाले. "भावाक सांगलंय, हवा मानवली नाय म्हणान येतंय."

आईनं पुढे फोनवर सांगितलं, की ते भावाच्या घरी मागच्या खोलीत राहतात. भावानं अजून एकदाही काही बोलून दाखवलेलं नाही, आणि तेच मास्तरांना सोसत नाही. तिसऱ्या वर्षी ते गेले. रक्तदाब होता, गोळ्या घेत नव्हते.

मी गावी गेले ती त्यानंतर तीन वर्षांनी. मध्ये करोना आला, आईचं आजारपण आलं. आई गेली, तिचे दिवस आटोपल्यावर एका सकाळी नदी ओलांडून कोरगावला गेले. शेवंतीकाकी मागच्या पडवीत शिवणयंत्रावर बसून साडीला फॉल लावत होती. तिनं मला लगेच ओळखलं. आईचं ऐकून रडली, मग डोळे पुसून चहा केला, आणि आम्ही दोघी पायरीवर बसलो. आंब्याच्या पानांचा सडा पडला होता, तो काढायला तिला आता वाकवत नव्हतं.

इकडचं तिकडचं झालं. स्विंडनची थंडी, धोबीखान्याची ऊब. ती आपणच त्या दिवसावर आली.

"त्या हापिसात जावच्या आदल्या दिसा काय केल्यांनी ठावक आसा? सगळी दुपार आरशासमोर रवले," ती म्हणाली. "माका काढल्यानी, माका काढल्यानी, असा म्हणत. तोंडातसून येयनाच मां. चाळीस वर्सां धंदो केल्लो माणूस, तेका कोणी काढूक नाय. मी हसलंय. म्हटलंय, म्हणा, म्हणा, सवय होतली. साताठ फावटी म्हटल्यार मगे इला. बरां म्हटल्यांनी, अगदी सरळ."

मी कप खाली ठेवला.

"माका म्हणाले, फोनार कोणतरी असतलो मुंबयचो नायतर लंडनचो. तेका माझा काय पडला? तो काय पेडण्याक येतलो? तेका सांगून टाकतंय आणि सुटतंय." काकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कागदार तसाच लिवल्यांनी होता, फोनार म्हणान. आणि थंय जावन बघतत तर तू."

"काकी..."

"भायर इले, माका सांगल्यांनी, सांगलंय म्हणान. घराकडे येयसर काय बोलूक नाय. मगे जेवताना म्हणाले, सुमतीचा चेडू थंय बसलेला. तेच्या आवशीक मी वर्सानुवर्सां कापडां शिवन दिलंय. तेच्या म्होरे कसा म्हणू? ता सांगतला नाय कोणाक, माका ठावक आसा. पण ता बघीत रवतला मां माझ्याकडे."

आतल्या खोलीत कोणीतरी टीव्ही लावला, थोरल्या दिरांचं घर होतं ते. काकीनं आवाज खाली केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"परक्याक सांगल्यांनी असता गे. नक्की सांगल्यांनी असता," ती म्हणाली. "थंय रवलंव असतंव आमी. खांदो बरो झालो असतो, काय तरी काम मेळला असता. पण नशीब. तुझो काय दोष? तू काय आपणान इल्लंस? तुका धाडल्यांनी म्हणान तू इलंस."

मी मान खाली घातली. रडू येत होतं ते आवरत होते, आणि काकीला वाटलं आईच्या आठवणीनं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"कोणी धाडलेल्यांनी गे तुका त्या दिसा?" तिनं सहज विचारलं. नुसतं बोलणं चालू राहावं म्हणून.

ती माझ्याकडे पाहत होती. अगदी जवळून, मायेनं.

"ऑफिसान," मी म्हटलं. "ऑफिसान धाडलेला."